‘आमच्या घराला कुत्रं लाभत नाही’: एकापाठोपाठ पिल्लं पार्वोनं जात असतील तर काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. "गेल्या दिवाळीत लॅब्रा आणला, पंधरा दिवसांत गेला. यंदा परत आणला, तोही तसाच गेला. इंजेक्शन झालं होतं, सगळं घर फिनेलनं धुतलं होतं, बाहेर तर नेलाच नव्हता. आमच्या घराला कुत्रं लाभत नाही बघा." कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात हे ऐकायला मिळतं, आर. के. नगरच्या बंगल्यात ऐकायला मिळतं आणि कागलच्या बाजूला उसातल्या वस्तीवरही. मग कुणी वास्तू बघणाऱ्याला बोलावतं, कुणी दृष्ट काढतं, कुणी पुढच्या वेळी रंग बदलून बघतं. काळं नको, तांबडं आणा.

रंग बदलून काही होत नाही. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू घरी आल्यावर आठवडाभरात मलूल होतं, खाणं सोडतं, ओकायला लागतं, मग घाण वासाची रक्ताळ हगवण सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत सगळं आटोपतं, असं चित्र असेल तर पहिला संशय पार्वोवर, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यावर जाणाऱ्या या विषाणूच्या आजारावर, घ्यायचा. तेच त्याच घरात पुन्हा घडलं असेल तर दोन गोष्टी आधी बघायच्या. पहिल्या पिल्लानं घरात मागे काय ठेवलं, आणि दुसऱ्या पिल्लाला लशीचा शेवटचा डोस त्याच्या वयाच्या कितव्या आठवड्यात मिळाला. माझ्या बघण्यातली ‘न लाभणारी’ घरं बहुतेक या दोहोंपैकी एका ठिकाणी अडकलेली असतात, कधीकधी दोन्ही ठिकाणी.

आधी तो पार्वोच होता का?

आपल्याकडे पिल्लाला जुलाब लागले की सरसकट ‘गॅस्ट्रो झालाय’ म्हणतात. गॅस्ट्रो हे निदान नाही. रक्ताची हगवण जंतांनीही लागते, विशेषतः आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या अंकुशकृमींनी. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरला तरी लागते. उंदराचं औषध पोटात गेलं तरी रक्त पडू शकतं. आणि रविवारी कौतुकानं दीड महिन्याच्या पिल्लाला तांबड्या रश्श्यात कुस्करलेला भात आणि वर नळीचं हाड घातलं, तर सोमवारी काय होणार याला विषाणूची गरज नाही. अशी घरं कोल्हापुरात कमी नाहीत.

म्हणून पहिलं पिल्लू गेलं तेव्हा चाचणी झाली होती का, हे आठवा. गुदद्वारातून कापसाच्या काडीवर नमुना घेऊन पट्टीवर टाकायची चाचणी बऱ्याच दवाखान्यांत होते आणि काही मिनिटांत उत्तर येतं. तिच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवा. आजाराच्या अगदी सुरुवातीला किंवा फार उशिरा केली तर पार्वो असूनही पट्टी ‘नाही’ म्हणू शकते. उलट, नुकतीच लस दिली असेल तर लशीतल्या दुबळ्या विषाणूमुळे फिकट रेघ उमटू शकते. त्यामुळे डॉक्टर पट्टीबरोबर रक्तही तपासतात. पार्वोत पांढऱ्या पेशी धडाधड खाली येतात. अंगात शिरल्यावर हा विषाणू वेगानं वाढणाऱ्या पेशी शोधतो, आणि तशा पेशी आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात असतात. अस्तर सोलून निघतं, जंतूंना रक्तात जायला वाट मोकळी होते, आणि त्यांना अडवणाऱ्या पेशी नेमक्या तेव्हाच संपलेल्या असतात. नुसत्या जुलाबांपेक्षा हा आजार इतका घातक का, ते यात आलं. फार लहान पिल्लांत तो हृदयाच्या स्नायूवरही जातो. अशी पिल्लं जुलाब वगैरे काही न होता, आईला पिता पिता एकाएकी जातात.

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा दुसरा विषाणूचा आजार, तो वेगळा. त्यात डोळ्यानाकाला चिकट स्राव, खोकला, ताप, आणि पुढे झटके किंवा एखादा पाय, जबडा सतत फडफडत राहणं. तो मुख्यतः खोकल्या-शिंकेतून पसरतो आणि बाहेर फार काळ तगत नाही. तुमच्या घरातलं पिल्लू डिस्टेंपरनं गेलं असेल तर पुढे फरशीबद्दल मी जे सांगणार आहे त्याची एवढी धास्ती नको, साबण, ऊन आणि काही आठवड्यांचा अवकाश पुरे. लस मात्र त्यालाही तितकीच लागते.

फिनेलनं धुतलं तरी राहिला कसा

कोरोनाच्या काळात आपण सगळे सॅनिटायझर चोळायला शिकलो. ते चाललं, कारण त्या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं. स्पिरिट, साबण यांनी ते विरघळलं की विषाणू मोडतो. पार्वोला असं आवरणच नाही. प्रथिनांची घट्ट कवटी, आत थोडासा डीएनए, बस्स. विरघळवायला काही नसल्यामुळे सॅनिटायझर, डेटॉल, फिनेल, सुगंधी फ्लोअर क्लीनर यांपैकी कशाचाच त्याच्यावर भरवसा धरता येत नाही. घराला दवाखान्यासारखा वास येतो, आपलं समाधान होतं, आणि विषाणू जागच्या जागी.

टिकतो किती? घरात सावलीला, फटीत, कोपऱ्यात महिनोन् महिने. बाहेरच्या ओलसर, सावलीच्या मातीत वर्षभरसुद्धा. थंडीनं त्याला काही होत नाही. कडक ऊन आणि कोरडेपणा त्याला कमजोर करतात, पण जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कपडे वाळायची मारामार, तिथे परसातल्या मातीला ऊन कुठलं मिळायला! आणि आजारी पिल्लाच्या चिमूटभर विष्ठेत कोट्यवधी विषाणू असतात. दुसरं पिल्लू आजारी पडायला त्यातले अगदी थोडे पुरतात.

त्याला मारणारी स्वस्त आणि सहज मिळणारी गोष्ट म्हणजे ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट. बाजारात साधारण ४ ते ५ टक्क्यांचं द्रावण मिळतं. त्याचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत सुमारे ३५० मिलिलिटर. महापुरानंतर गल्लोगल्ली टाकतात ती ब्लीचिंग पावडरही चालते, पण ताजी हवी. ताज्या पावडरीचं प्रमाण बादलीला साधारण ५० ते ६० ग्रॅम धरा, ढवळून गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी वापरा. माळ्यावर उघड्या पिशवीत पडलेली, वास उडालेली पावडर म्हणजे नुसता चुना.

सगळ्यात जास्त गडबड पुढच्या पायरीवर होते. घाणीवर ब्लीच ओतून उपयोग नाही. विष्ठा, उलटी, लाळ, शेण, माती असं काहीही सेंद्रिय समोर आलं की क्लोरीन तिथेच खर्च होऊन जातो, विषाणूपर्यंत पोचतच नाही. आधी घाण उचलायची, मग साबणाच्या पाण्यानं ब्रश घेऊन घासायचं, धुऊन पाणी निथळू द्यायचं आणि मग ब्लीचचं पाणी टाकायचं. टाकल्यावर लगेच पुसायचं नाही, निदान दहा मिनिटं फरशी ओली राहायला हवी. मग स्वच्छ पाणी. द्रावण रोज ताजं करा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि संडास धुवायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. ‘जास्त पावरफुल’ करायच्या नादात लोक हे करतात. कुत्र्याचं मूत फरशीवर असेल तेही आधी धुऊन घ्यायचं, मुतावर ब्लीच पडलं की डोळे झोंबणारा वायू उठतो.

जुन्या वाड्यांत खरी पंचाईत फरशीच्या सांध्यांची. शहाबादीचे सांधे उघडलेले, त्यात वर्षानुवर्षांची माती. वरून कितीही चकचकीत पुसलं तरी पिल्लू नाक घालतं ते सांध्यात. तिथे जुना ब्रश घेऊन बसावं लागतं, नाहीतर सांधे खरवडून सिमेंटनं भरून घ्यावे लागतात. शेणानं सारवलेलं अंगण असेल तर ब्लीचचा प्रश्नच मिटला, शेणापुढे ते टिकत नाही. वरचा थर खरवडून काढून टाका आणि नव्यानं सारवा, तरीही ती जागा पिल्लासाठी बादच धरा. परसातली माती, कुंड्या, बाग यांचंही तसंच. तिथे पाणी मारून ऊन खायला सोडण्यापलीकडे हातात फारसं काही नाही.

वस्तूंच्या बाबतीत मी निष्ठुर आहे. पिल्लू ज्या पोत्यावर, गोधडीवर, चटईवर झोपत होतं ते फेकायचं, ‘धुऊन वापरू’ नाही. लाकडी खोकं, दोरीचा पट्टा, चावायचा चामड्याचा जोड, सगळं बाहेर. स्टीलचं भांडं आणि साखळी धुऊन ब्लीचमध्ये बुडवून ठेवली तर चालते. प्लास्टिकचं भांडं ओरखड्यांनी भरलेलं असतं, ते ठेवू नका. आणि पायातलं. रबरी स्लिपर ब्लीचच्या पाण्यातून काढता येते, कोल्हापुरी चप्पल काढता येत नाही. चामडं जाईल आणि तळाच्या शिवणीत, पापुद्र्यांत बसलेली घाण तिथेच राहील. असं पायताण उंबऱ्याबाहेर, पिल्लाच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवायचं. पिल्लू घरात येऊन पहिली कुठली वस्तू चावत असेल तर ती चप्पल.

‘इंजेक्शन झालं होतं’

इथे मी नेहमी कार्ड मागतो. कार्ड नसेल तर ‘इंजेक्शन’ म्हणजे काय, हे विचारतो. उत्तर ऐकून निम्मा उलगडा तिथेच होतो. कुणाला रेबीजची लस म्हणायची असते. रेबीजची लस पार्वोपासून वाचवत नाही. कुणाला जंताचं औषध म्हणायचं असतं, ते तर पाजलेलं असतं, टोचलेलं नाही. कुणाला विकणाऱ्यानं सांगितलेलं असतं, ‘सगळं झालंय साहेब’, आणि हातात कार्ड म्हणून एका वहीचा फाडलेला कागद दिलेला असतो. खऱ्या नोंदीत लशीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच आणि मुदत असते, शेजारी तारीख आणि पशुवैद्यकाची सही-शिक्का.

कार्ड नीट असेल तर तारखा वाचा. नेहमी दिसणारं कार्ड असं: पहिला डोस ४५व्या दिवशी, बूस्टर २१ दिवसांनी, मग तीन महिन्यांना रेबीज, आणि वर्षभरासाठी विषय बंद. म्हणजे पार्वोचा शेवटचा डोस ६६व्या दिवशी, साडेनऊ आठवड्यांचं असताना. आणि पिल्लू आजारी पडतं अकराव्या-बाराव्या आठवड्यात.

हे का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसाच्या चिकातून आईची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) त्याच्या अंगात येतात. ती काही आठवडे त्याला राखतात, पण राखताना एक अडचणही करतात: लशीतला विषाणू आणि खरा विषाणू यांतला फरक त्यांना कळत नाही. लस टोचली की तिलाही ती मारून टाकतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होत जातात. एक वेळ अशी येते की ती खऱ्या रोगाला अडवायला कमी पडतात, पण लशीचं काम बिघडवायला अजून पुरेशी असतात. घराला मालकानं जुना कडी-कोयंडा काढून ठेवावा आणि नवीन कुलूप बसवायला गवंड्यानं अजून भिंत सुकू द्या म्हणावं, तसे हे दिवस. कुठल्या पिल्लाचे ते सातव्या आठवड्यात येतात, कुठल्याचे चौदाव्या. आईची लस झाली होती का, पिल्लाला चीक किती मिळाला, यावर ते ठरतं, आणि एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक पडतो. बाहेरून बघून ओळखता येत नाही.

म्हणून लस एकदा देऊन भागत नाही, आणि ‘किती डोस झाले’ हा प्रश्नही अपुरा आहे. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात, दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर. जगभरातल्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जी संघटना आहे, तिची मार्गदर्शक सूत्रं हेच सांगतात. त्यानंतर पिल्लू सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं झाल्यावर एक, आणि पुढचं डॉक्टर ठरवतील तसं.

कॅलेंडर घेऊन बसा. पिल्लाचा जन्म १ जूनचा असेल तर सहा आठवडे भरतात १३ जुलैला. तिथे पहिला. मग ३ ऑगस्ट, २४ ऑगस्ट, आणि सोळा आठवडे पूर्ण होतात २१ सप्टेंबरला. तो २१ सप्टेंबरचा डोस वगळला तर आधीचे तिन्ही वाया गेलेले असू शकतात. गणपतीच्या धामधुमीत नेमका तोच राहतो.

लशीबद्दल आणखी एक. ही जिवंत विषाणूची लस आहे, २ ते ८ अंश तापमानातच जपावी लागते. एका बाटलीत पूड, दुसरीत पाणी, मिसळली की लगेच टोचायची. काही विक्रेते पैसे वाचवायला दुकानातून बाटल्या घेऊन स्वतःच टोचतात. एप्रिलच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत गाडीच्या कागदांशेजारी पडलेली बाटली घेऊन, गल्लीतल्या सात पिल्लांना एकाच सुईनं ‘लसीकरण’ उरकलेलं मी पाहिलं आहे. स्टिकर त्या कार्डांवरही होतं. म्हणून घरी आणलेल्या पिल्लाचे डोस दवाखान्यात, फ्रीजमधून बाटली काढताना बघून, नव्यानं चालू करायचे. एखादा डोस जास्त झाला म्हणून बिघडत नाही.

‘लस दिली आणि तिसऱ्या दिवशी आजारी पडलं, म्हणजे लशीनंच झाला’ असंही म्हणतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून जास्त. विकणाऱ्याकडेच लागण होऊन आलेलं पिल्लू घरी खेळताना दिसतं, आपण उत्साहानं दुसऱ्या दिवशी लस देतो, आणि आजार उघड होतो. लशीला काम सुरू करायलाच काही दिवस लागतात, ती आधीच लागलेला रोग परतवू शकत नाही.

‘बाहेर नेलाच नव्हता’

पिल्लू बाहेर गेलं नाही, पण तुम्ही गेलात. दूध कट्ट्यावरून आलात, तालमीवरून आलात, मंडईतून आलात. पार्वो हवेतून येत नाही. तो विष्ठेतून आणि उलटीतून तोंडावाटे जातो, पण विष्ठा डोळ्यांना दिसायलाच हवी असं नाही. पावसानं वाहून गेलेली, गाडीच्या टायरनं पसरलेली, वाळून धूळ झालेली असते. चपला, टायर, हात, भांडी, माश्या, उंदीर, झुरळं, शेजारच्या कुत्र्याचे पंजे, कशावरूनही ती घरात येते. आणि आजारी कुत्रा लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच विषाणू टाकायला लागतो. बरा झाल्यावरही दोनेक आठवडे टाकू शकतो. मोठ्या, लस झालेल्या कुत्र्याला स्वतःला काही होत नाही, पण त्याच्या केसांवरून, पायांवरून तो फिरतोच.

महापुरानं ‘सगळं धुऊन जातं’ ही समजूतही सोडा. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी ज्या गल्ल्यांत शिरलं तिथला गाळ म्हणजे सगळ्या गावाच्या गटारांची एकत्र घाण होती. पाणी उतरल्यावर मातीच्या थराखाली काय काय राहतं कोण जाणे. पूर आलेल्या घरात कुत्रं असेल तर लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं, भानही ठेवा. त्यात डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात, आणि पार्वो माणसाला होत नाही, लेप्टो होतो.

लागण होण्याची आणखी एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही: दवाखान्यातली वाट बघायची जागा. लस द्यायला नेलेलं पिल्लू फरशीवर सोडायचं नाही, तिथलं काही हुंगू द्यायचं नाही. मांडीवर किंवा टोपलीत, आणि जमलं तर बाहेर गाडीतच थांबून नंबर आल्यावर आत. तुमचं पिल्लू आजारी असेल तर उलट बाजूनं तेच. आधी फोन करून सांगा, ‘पार्वोचा संशय आहे, कुठून आणू?’ चांगला दवाखाना वेगळ्या दारानं घेतो. मांजर घरात असेल तर तेही लांब. मुळात हा विषाणू मांजरांच्या तशाच एका रोगाच्या विषाणूचा जवळचा नातलग. १९७८ साली कुत्र्यांत पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. आजचे त्याचे प्रकार मांजरांनाही लागू शकतात.

पिल्लू आत्ता आजारी असेल तर

हे वाचत बसू नका, उचला आणि न्या. पार्वोवर नेमकं विषाणू मारणारं औषध म्हणून हातात फारसं काही नाही. पिल्लू वाचतं ते शिरेतून दिलेल्या सलाईनवर, उलटी थांबवणाऱ्या इंजेक्शनांवर, जंतूंसाठीच्या अँटिबायोटिकवर आणि साखर-पोटॅशियम सांभाळण्यावर. उपचाराविना बहुतेक पिल्लं जातात. वेळेवर भरती झालेली बहुतेक वाचतात. मधला फरक पुष्कळदा एका रात्रीचा असतो. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणत ओवा, डाळिंबाची साल, हळदीचं दूध पाजण्यात ती रात्र जाते. ओकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात चमच्यानं दूध ओतलं की ते फुप्फुसात जायचा धोका, तो वेगळाच. माणसांची जुलाब बंद करणारी गोळी, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, कशालाही हात लावू नका. घाण आत कोंडून ठेवणं हा उपाय नाही, आणि तापाच्या आपल्या गोळ्या त्याला विषासमान.

एकदा सलाईन देऊन घरी पाठवलं आणि शेपूट हलवली म्हणून दुसऱ्या दिवशी नेलं नाही, हेही नेहमीचं. तिसरा-चौथा दिवस अवघड असतो. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत रोज न्या. रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड यांच्या पिल्लांना हा आजार जास्त जोरात होताना दिसतो, तिथे तर टंगळमंगळ नकोच. उलटी थांबली की भूक लागायची वाट न बघता थोडं थोडं खाणं सुरू करतात. मऊ भात, उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, बिनतेलाचं, किंवा डॉक्टर देतील ते. वाचलेल्या कुत्र्याला पुढे कितीतरी वर्षं, बहुधा आयुष्यभर, पार्वो परत होत नाही. फक्त बरं झाल्यावर निदान दोन आठवडे, शक्य असेल तर महिनाभर, त्याला इतर पिल्लांपासून लांब ठेवा आणि आंघोळ घाला, केसांत विषाणू बसलेला असतो.

मग पुढचं पिल्लू कधी आणायचं

ज्या घरात पार्वो होऊन गेला तिथे दीड महिन्याचं पिल्लू आणू नका, मग किती का ब्लीच वापरलेलं असेना. एवढा एक नियम पाळला तरी ‘न लाभणारी’ निम्मी घरं सुटतील. चार महिन्यांच्या पुढचं, सोळा आठवड्यांचा डोस होऊन वर दोनेक आठवडे गेलेलं पिल्लू आणा. किंवा सरळ मोठं, लस झालेलं कुत्रं दत्तक घ्या. तेवढं लहानच हवं असेल तर आई कुठली, तिची लस कधी झाली, हे विचारून घ्या, वेतातली बाकीची पिल्लं बघून घ्या, आणि सोळा आठवड्यांपर्यंत त्याला विक्रेत्याकडे किंवा रोगाचा इतिहास नसलेल्या नातेवाइकाकडे ठेवा. विक्रेते याला नाखूश असतात, कारण तीस-पस्तीस दिवसांचं गोंडस पिल्लू झटकन विकलं जातं आणि खाण्याचा खर्च वाचतो. ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोक्यातून रात्रभर प्रवास करून आलेलं तसलं पिल्लू आधीच अर्धं गळाठलेलं असतं. आईपासून सात-आठ आठवड्यांच्या आत तोडलेलं पिल्लू घेऊच नये.

सोळा आठवडे होईपर्यंत त्याला कोंडूनही घालू नका. कडेवर घेऊन रंकाळ्यावर फिरवा, माणसं दाखवा, गाड्यांचे आवाज ऐकू द्या, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी घरात खेळू द्या. फक्त रस्त्याला पाय आणि नाक लागू द्यायचं नाही.

राहता राहिली गल्ली. तालमीच्या कट्ट्याखाली, बंद दुकानाच्या पायरीआड दरवर्षी कुत्री विते, पाच-सहा पिल्लं होतात, पोरं त्यांना बिस्किटं घालतात आणि दोन महिन्यांत त्यातलं एखाद-दुसरं उरतं. उरलेली कुठे गेली हे कुणी विचारत नाही. त्यातली बरीच पार्वोनंच जातात, आणि जाताना सगळ्या बोळात विषाणू पेरून जातात. कुत्र्यांना हुसकून लावून हे थांबत नाही, आणि २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांना दुसरीकडे नेऊन सोडताही येत नाही. मंडळाच्या वर्गणीतून गल्लीतल्या चार कुत्र्यांना पार्वो-डिस्टेंपरची एकत्र लस टोचून घेणं आणि नसबंदी करून घेणं तेवढं अवघड नाही. डॉक्टर गल्लीत यायला तयार होतात, कुत्री धरायला तालमीची पोरं असतातच. महापालिकेची रेबीजची लस झाली असली तरी ही वेगळी घ्यावी लागते, हे मात्र आधीच विचारून ठरवा, नाहीतर डॉक्टर एकच बाटली घेऊन येतात.